मागच्या आठवड्यात गोळी किती दिवस राहिली?

डॉ. रमाकांत वाव्हळे यांच्या पूर्णेतील दवाखान्यात मी पहिल्यांदा गेलो तेव्हा चैत्र महिना होता आणि माझ्या अंगात स्वेटर होता. बाकावरच्या लोकांनी माझ्याकडे पाहिले. शेजारचे गृहस्थ हळूच सरकून बसले. डॉक्टरांचे कंपाउंडर सलीमभाई यांनी टेबलफॅनचे तोंड दुसरीकडे वळवले आणि काही न विचारता मला सगळ्यांच्या आधी आत सोडले. या गोष्टीला तेरा वर्षे झाली.

डॉक्टरसाहेबांना यंदा पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. त्यानिमित्त हा गौरवग्रंथ निघत आहे. ग्रंथाच्या समितीतले निवृत्त मुख्याध्यापक कदम सर घरी येऊन म्हणाले, "डॉक्टर लोकं लिहायलेत, प्राध्यापक लोकं लिहायलेत. एखाद्या पेशंटाचं बी पाहिजे. तुमच्याइतकं त्या बाकावर दुसरं कोण बसलंय?" मी म्हणालो, "सर, मी सातवीपर्यंतच शिकलेलो माणूस." ते म्हणाले, "शुद्धलेखन माझ्याकडं. तुमी निसतं जे झालं ते लिवा." त्याप्रमाणे लिहीत आहे. जे झाले ते सगळेच माझ्या बाजूने चांगले नाही. परंतु ते गाळले तर डॉक्टरांविषयी सांगण्यासारखे माझ्याकडे फारसे उरत नाही.

मी रेल्वेत चावीवाला होतो. रूळ लोखंडी चाव्यांनी खालच्या आडव्या स्लीपरला धरलेला असतो. चावीवाला रोज ठरलेल्या पट्ट्यात रुळाच्या कडेने चालत जातो आणि त्या चाव्या हातोडीने ठोकून बघतो. ढिली चावी आवाजावरून कळते. एखादी चावी ठोकली की नाही याची शंका आली तर मी अर्धा मैल मागे जाऊन परत ठोकत असे. सोबतचे लोक हसत. स्वभावच तसा आहे. घराला कुलूप लावले तर मी ते तीनदा ओढून बघतो.

नोकरी संपल्यावर वर्षभरात माझी तब्येत बिघडली. अंगाला सूज आल्यासारखे झाले, वजन वाढले, बसल्या जागी डोळा लागू लागला. आवाज इतका जड झाला की नांदेडहून मुलाने फोन केला तर तो मलाच विचारायचा, "कोण बोलायलंय? बाबांना द्या." माझी पत्नी सुभद्रा शेजारणींना सांगे, "नौकरी संपली अन् आमचे सायब झाले. खायलेत अन् घोरायलेत." मला मात्र खात्री होती की हृदय तरी बिघडले आहे, नाहीतर आत गाठ झाली आहे. त्या खात्रीमुळेच मी चार महिने कोणाला दाखवले नाही. शेवटी सुभद्रेने हाताला धरून नेले.

डॉक्टरांनी माझे सगळे ऐकून घेतले. त्याला वेळ लागला, कारण मी बरेच सांगितले. मग त्यांनी मला खुर्चीवर गुडघे टेकून, पावले मागे लोंबतील असे उभे केले आणि टाचेच्या वरच्या शिरेवर छोटी रबरी हातोडी मारली. पाऊल हलले आणि सावकाश जागेवर आले. त्यांनी पुन्हा मारली. पुन्हा तसेच झाले.

"तुमी रेल्वेत काय होतात?" त्यांनी विचारले.

"चावीवाला."

"मंग तुमाला कळंल. ठोकलं की पाऊल पटकन जाऊन पटकन परत यायला पाहिजे. तुमचं जायलंय, परत यायला टाइम लावायलंय. थायरॉईड असणार. तरी रक्त तपासू. माझ्या हातोडीवर गोळी चालू करणार न्हाई."

रक्ताचा अहवाल आला. त्यात टीएसएच नावाचा आकडा होता. तो चारच्या आसपास किंवा खाली असावा लागतो, असे कागदावरच छापलेले होते. माझा बेचाळीस होता. मी तो आकडा घेऊन बाकावर बसलो आणि तीनदा वाचला. आत गेल्यावर डॉक्टरांनी कागद बाजूला ठेवला आणि आधी मला पाणी दिले. मग समजावून सांगितले. गळ्यात एक ग्रंथी असते, ती अंगाला गरम आणि चालते ठेवणारा रस करते. डोक्यातून तिला हुकूम सुटतो, तो म्हणजे टीएसएच. "खाली काम होईना की वरचा साहेब जोरात वरडायला लागतो," ते म्हणाले. "बेचाळीस म्हणजे साहेब लय वरडायलाय. ग्रंथी ऐकंना. आपण बाहेरून गोळी दिली की साहेब आपोआप गप बसतो."

"हुईल का बरं?"

"हुईल. पण गोळी जन्माची हाय. सकाळी उपाशी पोटी, पाण्यासंगं. चहा एका तासानं."

माझे वय आणि हृदयाची भीती लक्षात घेऊन त्यांनी पंचवीसच्या गोळीने सुरुवात केली आणि सहा आठवड्यांनी पन्नासची दिली. एवढ्या अवधीत माझा स्वेटर निघाला. आवाजही बराच खुलला. इथपर्यंत सगळे ठीक होते.

पन्नासच्या गोळीच्या पाकिटात एक घडीचा इंग्रजी कागद निघाला. मी तो किराणा दुकानात बसणाऱ्या एका शिकलेल्या मुलीकडून वाचून घेतला. गोळी जास्त झाली तर छातीत धडधड होते, नाडी वेगाने चालते, असे त्यात होते. माझ्यासारख्या माणसाने तो वाचून घ्यायला नको होता. त्या दिवसापासून मी सकाळी उठल्याबरोबर मनगटावर बोट ठेवून घड्याळ बघू लागलो. नाडी जरा जलद वाटली की त्या दिवशी गोळी घेत नसे. भीतीने नाडी जलद होते, हे मला तेव्हा सुचले नाही. आठवड्यात तीन दिवस गोळी पोटात जायची, कधी दोनच.

तपासणीची तारीख जवळ आली की मला वेगळी भीती वाटे. आकडा वाईट आला तर डॉक्टर काय म्हणतील? यावर मी जो उपाय केला तो रेल्वेतल्याच माणसाला सुचला असता. आमच्याकडे वर्षातून एकदा मोठ्या साहेबांचे इन्स्पेक्शन असे. त्याच्या आधीच्या आठवड्यात आम्ही खडी सारखी करायचो, दगडांना चुना लावायचो, बोल्टांना तेल द्यायचो. साहेबांची ट्रॉली रुळावरून येऊन गेली की पुन्हा नेहमीचे काम. मी तेच केले. तपासणीच्या आधी आठ दिवस रोज गोळी घेतली आणि शेवटचे चार दिवस दोन-दोन घेतल्या. नाडीकडे पाहिले नाही. आठ दिवसांचाच प्रश्न होता.

टीएसएच अठरा आला.

"गोळी रोज घ्यायलाव ना?" डॉक्टरांनी विचारले.

"रोज घ्यायलोय, साहेब."

मग त्यांनी पंचाहत्तरची गोळी लिहिली. दोन महिन्यांनी पुन्हा तेच झाले, मी पुन्हा आठ दिवस चुना लावला आणि आकडा सोळा आला. डॉक्टरांनी पुन्हा विचारले, मी पुन्हा तेच सांगितले. त्यांनी शंभरची गोळी लिहिली. ती चिठ्ठी मी घडी करून खिशात घातली. जी गोळी मी पन्नासची असताना घाबरून टाळली होती ती आता दुप्पट झाली होती आणि ती माझ्याच तोंडाने दुप्पट झाली होती.

त्याच महिन्यात मुलाची बदली पूर्णेला झाली आणि सून अर्चना घरी राहायला आली. तिच्या आईला थायरॉईड असल्यामुळे तिला या गोळीचे सगळे नियम पाठ होते. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पाण्याचा पेला आणि गोळी घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. "मामा, घ्या. मी बगूनच जाणार." नव्याने घरी आलेल्या सुनेसमोर नाडी बघत बसणे मला जमले नाही. त्यानंतर शंभरची गोळी एकही दिवस न चुकता पोटात जाऊ लागली.

पाच-सहा आठवड्यांत माझे हात थरथरू लागले. कपबशी वाजायची. वजन झपाट्याने उतरले, झोप गेली, छातीत सतत पाखरू फडफडल्यासारखे होई. आता नाडी खरोखरच मिनिटाला एकशेबारा होती. मला वाटले, संपले. मी मुलाला पेन्शनची कागदपत्रे कुठे आहेत ते दाखवून ठेवले आणि मग सुभद्रेला घेऊन दवाखान्यात गेलो.

डॉक्टरांनी माझी नाडी पूर्ण एक मिनिट धरली. छातीची ईसीजी पट्टी काढली. त्यात मधूनमधून जादा ठोके दिसत होते. रक्त तपासायला पाठवले आणि या वेळी टीएसएचबरोबर टी-फोर, म्हणजे रक्तातल्या त्या रसाचा आकडाही मागवला. दुसऱ्या दिवशी अहवाल आला. टीएसएच शून्याला टेकला होता आणि टी-फोर वरच्या रेषेच्या बराच पुढे होता.

त्यांच्याकडे प्रत्येक पेशंटाचे जाड पुठ्ठ्याचे कार्ड असते. माझे कार्ड समोर ठेवून त्यांनी बराच वेळ त्यावर बोट फिरवले. "दोन महिन्यांखाली पंचाहत्तर कमी पडत होतं," ते म्हणाले. "अन् आज शंभरावर माणूस असा उडायलाय. पंचवीसनं एवढा फरक पडत न्हाई. वहिनी, मधल्या काळात घरात काय बदललं?"

"काय बदलणार?" सुभद्रा म्हणाली. "पोराची बदली झाली, सून आली. ती देते आता गोळी. आधी हेच घ्यायचे आपल्या हातानं."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले नाही. ते कार्डाकडेच बघत म्हणाले, "वहिनी, सलीमभाईकडं वजनाची वही हाय, ती जरा घेऊन या. सापडंपर्यंत थांबा तिकडंच." सुभद्रा बाहेर गेली. सलीमभाईंना ती वही सापडायला दहा मिनिटे लागली. ती त्यांच्या टेबलावरच उघडी असते, हे मला नंतर कळले.

त्या दहा मिनिटांत मी डॉक्टरांना सगळे सांगितले. कागद वाचून घेतला ते, नाडी बघत होतो ते, आठ दिवसांचा चुना. ते ओरडतील, निदान हसतील असे मला वाटले होते. त्यांनी फक्त तारखा विचारल्या. मग म्हणाले, "तुमच्या रेल्वेचा साहेब एक दिवस यायचा अन् त्या दिवसाचं काम बगून जायचा. हा टीएसएच तसा न्हाई. हा सहा आठवडे झाडाआड बसून बगायलाय. आठ दिवसांत त्याला फसवता येत न्हाई. फसलो मी."

मी म्हणालो, "साहेब, चूक माझी हाय."

"अर्धी तुमची," ते म्हणाले. "मी तुमाला काय विचारायचो? गोळी रोज घ्यायलाव ना? असं विचारलं की माणूस होच म्हणतो. पहिल्याच वेळी टी-फोर बी तपासाया पाहिजे होता, म्हंजे रस भरपूर अन् साहेब तरी वरडायलाय हे तवाच कळलं असतं. मी नीट न विचारता, न तपासता दोनदा डोस वाढवला. अजून दोन महिने असंच चाललं असतं तर हे ठोके हाताबाहेर गेले असते. ह्या वयात थायरॉईडची जादा गोळी हृदयाची चाल बिघडवती."

त्यांनी पेन उघडले आणि कार्डावर लिहिले. त्यांचे अक्षर केमिस्टशिवाय कोणाला लागत नाही, पण ती एक ओळ त्यांनी सावकाश, मराठीत लिहिली. मी उलट्या बाजूनेही ती वाचू शकलो. 'गोळी पोटात जाते का याची खात्री न करता डोस दोनदा वाढवला. चूक माझी.' खाली सही केली. माझे नाव त्या ओळीत कुठेच नव्हते. ते कार्ड अजून दवाखान्यात आहे. माझ्यासारख्या पेशंटाच्या कार्डावर स्वतःची चूक लिहून सही करणारे डॉक्टर मी तरी दुसरे पाहिले नाहीत.

त्यांनी गोळी काही दिवस पूर्ण बंद ठेवली, नाडीसाठी थोड्या दिवसांची दुसरी गोळी दिली आणि नंतर पन्नासची सुरू केली. त्या दिवसांत ते सकाळी फिरायला निघाले की आमच्या गल्लीवरून येत. फाटकाशी उभे राहून माझा हात मागत, घड्याळाकडे बघत नाडी मोजत आणि पुढे जात. आत या म्हटले तर येत नसत. चौथ्या दिवशी समोरच्या घरातले आजोबा फाटकावर हात ठेवून उभे राहिले. डॉक्टरांनी त्यांचीही नाडी मोजली. असे आठ-नऊ दिवस चालले. नाडी ऐंशीच्या खाली स्थिर झाल्यावर ते पुन्हा आपल्या नेहमीच्या रस्त्याने जाऊ लागले.

दोन महिन्यांनी टीएसएच पावणेतीन आला. म्हणजे पहिल्यापासून मला पन्नासच पुरेशी होती.

हा लेख कदम सरांना देण्याआधी मी सुभद्रेला वाचून दाखवला, कारण वरचा भाग मी तिला कधी सांगितला नव्हता. ती तांदूळ निवडत होती. ऐकून म्हणाली, "मला म्हाईत होतं. महिन्याचं पाकीट दोन महिने पुरायलंय, ते मला दिसत न्हवतं व्हय?"

"मंग बोलली का न्हाईस?"

"मला वाटलं तुमी काटकसर करायलाव."

त्या प्रसंगानंतर डॉक्टरांनी आपला प्रश्न बदलला. माझ्यापुरता नव्हे, सगळ्यांसाठी. थायरॉईड असो, बीपी असो की साखर असो, ते विचारतात, "मागच्या आठवड्यात गोळी किती दिवस राहिली?" गोळी घ्यायची राहून गेली हे ते धरूनच चालतात. त्यामुळे माणसाला खरे सांगायला कमी लाज वाटते. बाकावर बसून मी या प्रश्नाची कितीतरी उत्तरे ऐकली आहेत, कारण दाराचा पडदा पातळ आहे. एकदा पालमकडच्या मेंढपाळ कुटुंबातली एक बाई आली होती. तिचे कुटुंब मेंढरे घेऊन वर्षातले बरेच महिने बाहेर असते.

"किती दिवस राहिली, बाई?"

"खरं सांगू का, दादा? सगळेच दिवस."

"कामून?"

"तुमी म्हणलाव उठल्यावर एक तास चहा न्हाई. आमी उठतो ते चहा पिऊनच मेंढरं सोडाया. एक तास मेंढरं थांबतेत का?"

पडद्याआड डॉक्टर हसले. मग त्यांनी तिला तिच्या दिवसाचे सगळे विचारले. कधी उठता, कधी मेंढरे सोडता, पहिला घास कधी. शेवटी असे ठरले की तिने उठल्याबरोबर गोळी घ्यायची, मेंढरे सोडून वाटेला लागायचे आणि पहिल्या मुक्कामावर चूल पेटवून चहा करायचा. "अन् नवऱ्यानं चहा मागितला तर?" तिने विचारले. "त्याला म्हणा, डॉक्टरनं तुमचा बी बंद केलाय," डॉक्टर म्हणाले. पुढच्या वेळी ती आली तेव्हा आकडा सुधारला होता. नवरा बाहेर बाकावर बसला होता आणि डॉक्टरांवर नाराज होता.

डॉक्टरांचे सगळेच लोकांना आवडते असे नाही. ते कारण नसताना सलाईन लावत नाहीत. अशक्तपणा वाटतो, एक बाटली लावा, असा आग्रह धरणाऱ्यांना ते म्हणतात, "मीठ-साखर तुमच्या घरात बी हाय अन् पाणी बी." त्यामुळे काही लोक दुसरीकडे जातात. पाया पडलेले त्यांना चालत नाही. कोणी वाकले की ते खुर्ची मागे घेतात. फोनवर ते डोस सांगत नाहीत. मी कितीदा तरी फोन केला आहे. छातीत जरा काही झाले की मी फोन करतो. त्यांचे उत्तर एकच असते, "या. समोर बसा. मंग बोलू." गेल्यावर बहुतेक वेळा काहीच नसते. तरी बोलावल्याबद्दल किंवा आल्याबद्दल त्यांनी कधी कुरकुर केलेली नाही.

अशी अकरा वर्षे पन्नासच्या गोळीवर गेली. दर सहा महिन्यांनी आकडा दोन ते चारच्या मधे येई. मग मागच्या वर्षी तो एकदम नऊ आला.

अहवाल मी लॅबच्या पायरीवरच उघडला आणि तिथेच बसलो. एकही दिवस गोळी राहिली नव्हती. अर्चना रोज देत होती, मी रोज घेत होतो. पण हे सांगितले तर ऐकणार कोण? माझ्या कार्डावर काय काय झाले आहे ते डॉक्टरांना माहीत होते. आता ते शंका घेतील. घेतली तर डोस वाढवणार नाहीत आणि खरोखर आजार वाढलेला असला तर मी पुन्हा तसाच जड होत जाईन. किंवा विश्वास ठेवतील, डोस वाढवतील आणि हृदय पुन्हा फडफडू लागेल. दोन्हीकडून माझेच मरण होते. रिकामी पाकिटे घेऊन जावीत असे वाटले. मग लक्षात आले की पाकीट गटारीवरही रिकामे करता येते. ते मला माहीत होते आणि डॉक्टरांनाही माहीत होते.

मी आणि सुभद्रा गेलो. डॉक्टरांनी आकडा पाहिला, कार्ड पाहिले.

"मागच्या आठवड्यात किती दिवस राहिली?"

"एक बी न्हाई, साहेब."

"मागच्या महिन्यात?"

"एक बी न्हाई." मी गळ्याला हात लावला. "साहेब, आईशप्पथ."

"शपथ नका घेऊ," ते म्हणाले. त्यांनी अहवाल घडी करून ठेवला आणि पेन उचलले नाही. "एक बी राहिली न्हाई. बरं. मंग गोळी पोटात जायलीय, पण रक्तात जाईना. वाटेत कोण अडवायलंय ते बगू. नवीन काय चालू केलं?"

मी म्हणालो, काही नाही. सुभद्रा म्हणाली, "ते गुडघ्याचं की." मुलाने मला गुडघ्यांसाठी एका हाडांच्या डॉक्टरांकडे नेले होते आणि त्यांनी कॅल्शियमची गोळी दिली होती. ती मी सकाळीच घेत होतो.

"कधी? थायरॉईडच्या गोळीसंगं?"

"व्हय. दोन्ही एका घोटात. म्हणलं विसरू नये."

डॉक्टर खुर्चीला टेकून बसले. कॅल्शियम त्या गोळीला पोटातच धरून ठेवते, रक्तात जाऊ देत नाही, असे त्यांनी सांगितले. दोन्हींत किमान चार तासांचे अंतर हवे. म्हणून कॅल्शियम दुपारच्या जेवणानंतर घ्यायचे. थायरॉईडचा डोस आहे तोच राहील. सहा आठवड्यांनी पुन्हा रक्त. बस, एवढेच. त्यांनी कार्डावर दोन शब्द लिहिले आणि सलीमभाईंना पुढचा पेशंट पाठवायला सांगितले.

मी उठलो नाही. सुभद्रा माझी बाही ओढत होती. मी विचारले, "साहेब, मी एकदा न्हाई, दोनदा तुमाला खोटं सांगितलेलं हाय. आज खरं बोलायलोय हे तुमाला कसं कळलं?"

"कळलं न्हाई," डॉक्टर म्हणाले. "मानलं. तुमी सांगितलेलं खरं धरलं म्हणून तर दुसरं कारण शोधाया लागलो. खोटं धरलं असतं तर तुमाला चार शब्द सुनावून घरी पाठवलं असतं, अन् कॅल्शियम तसंच चालू राहिलं असतं. आकडा रक्ताचा असतो. डोस मला तुमच्या बोलण्यावर ठरवावा लागतो. उठा आता, लोकं थांबलेत."

सहा आठवड्यांनी आकडा तीन पूर्णांक एक आला. त्यांनी तो पाहिला, मान हलवली आणि गुडघे कसे आहेत ते विचारले.

डॉ. वाव्हळे यांच्या विद्वत्तेबद्दल या ग्रंथात मोठी माणसे लिहितील. मला त्यातले कळत नाही. एवढे कळते की या माणसासमोर खोटे बोलण्याची मला गरज उरलेली नाही. घाबरट माणसाला ही सोय फार थोड्या ठिकाणी मिळते. पुढच्या महिन्यात माझी तपासणी आहे. गेल्या पंधरवड्यात दोन दिवस गोळी राहिली, एकदा लग्नाला गेलो म्हणून आणि एकदा उगाच. ते मी जाऊन सांगणार आहे. ऐकायला डॉक्टर त्या खुर्चीवर असावेत, त्यांची स्वतःची नाडी सावकाश आणि सारखी चालावी, आणि ती खुर्ची आणखी पुष्कळ वर्षे रिकामी होऊ नये, एवढेच माझे त्यांच्यासाठी मागणे आहे.